विश्वासाने तारण होतं, मग प्रीती श्रेष्ठ कशी?

या वेळचं पत्र एका बहिणीचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडं छोटं करून देतेय:

"जय ख्रिस्त. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्न होऊन मी पुण्यात असते. मागच्या वर्षी पप्पा कॅन्सरने गेले. आजारपणात एक बाहेरचे प्रचारक घरी येऊन प्रार्थना करायचे, ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले की या घरात कुणाचा तरी अविश्वास आहे म्हणून आरोग्य मिळत नाही. ते माझ्या धाकट्या भावाला लागलं, कारण केमोसाठी त्यानेच हट्ट धरला होता. पप्पा गेल्यापासून तो चर्चला येत नाही, म्हणतो मला आता काही खरं वाटत नाही. मोठे काका मंडळीच्या कमिटीत आहेत, ते म्हणतात तो विश्वासातून पडलाय, त्याच्याशी संबंध ठेवायचा नाही, आणि आई त्यांचं ऐकते. पुढच्या महिन्यात पप्पांची वर्षाची प्रार्थना आहे, काका म्हणतात त्याने आधी सगळ्यांसमोर क्षमा मागावी, तरच यावं. परवा एका लग्नात पाळकसाहेबांनी करिंथचा तेरावा अध्याय वाचला, विश्वास, आशा, प्रीती आणि त्यात प्रीती श्रेष्ठ. मी काकांना विचारलं तर म्हणाले तारण विश्वासाने होतं, प्रीतीने नाही. मग खरं काय? मी कुणाचं ऐकू? आणि माझी मुलगी विचारते मामा वाईट झालाय का, तिला काय सांगू?"

ताई, जय ख्रिस्त.

आधी पप्पांबद्दल बोलते, कारण तुमचा प्रश्न वचनाचा असला तरी दुखतंय ते तिथे. त्या प्रचारकांनी जे सांगितलं ते पवित्र शास्त्रात बसत नाही, आणि हे मी अगदी जबाबदारीने लिहितेय. करिंथचं पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलापेक्षा मोठा विश्वास कुणाचा होता? त्याने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रभूला विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. त्रफिम नावाचा त्याचा सोबती आजारी पडला तर त्याला मिलेतात ठेवून पौलाला पुढे जावं लागलं. तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं, त्याला पौल लिहितो नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, म्हणजे सरळ औषधच सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय असं कुठे म्हटलं नाही. आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक तर वैद्यच होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तेव्हा केमोचा हट्ट धरणाऱ्या मुलाने बापावर प्रेम केलं, बस्स. हे भावाला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे आणि आईलाही, कारण मला वाटतं आईच्या मनातही तोच काटा असणार की आपलंच काहीतरी कमी पडलं, आणि तसं असेल तर ती काकांचं ऐकते ते विश्वासापायी कमी आणि भीतीपायी जास्त.

आता काकांचं. विश्वासाने तारण होतं हे त्यांचं म्हणणं चूक नाही, त्यांच्याशी त्यावरून भांडू नका. विश्वासाशिवाय देवाला संतोषवणं अशक्य आहे असं इब्री लोकांच्या पत्रात लिहिलेलंच आहे आणि कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण हे इफिसकरांच्या पत्रात आहे. पण गंमत बघा, ज्या पौलाने विश्वासाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं, रोमकरांना लिहिलं, गलतीकरांना लिहिलं, तोच पौल प्रीती श्रेष्ठ म्हणतो. त्याला विश्वासाची किंमत माहीत नव्हती असं तर कुणी म्हणणार नाही ना. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या त्याच तेराव्या अध्यायात तो म्हणतो की डोंगर ढळवता येतील एवढा पूर्ण विश्वास माझ्या अंगी असला आणि प्रीती नसली तर मी काहीच नाही. थोडा कच्चा विश्वास म्हणत नाही तो, पूर्ण विश्वास म्हणतो, आणि तरी काहीच नाही.

हे तो कुणाला लिहितोय ते माहीत असलं की वजन कळतं. हा अध्याय आपण लग्नात इतका ऐकलाय की तो नवरा-नवरीसाठीच लिहिलाय असं वाटायला लागतं. करिंथ म्हणजे दोन बंदरांमधलं व्यापारी शहर, रोमन लोकांनी इ.स. पूर्व १४६ मध्ये पार उद्ध्वस्त केलं होतं आणि मग शंभर वर्षांनी, इ.स. पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने परत वसवलं, त्यामुळे तिथे पिढ्यान्पिढ्यांची जुनी घराणी फार नव्हती, बाहेरून आलेले, पैसा कमावलेले, गुलामीतून सुटलेले, अजून गुलाम असलेले असे सगळे. पौल तिथे दीड वर्ष राहिला, अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे तंबू करायचं काम करत करत त्याने ती मंडळी उभी केली. पुढे तो इफिसात असताना, साधारण इ.स. ५५च्या सुमाराला, ख्लोवे नावाच्या एका बाईच्या माणसांकडून त्याला कळलं की तिथे तट पडलेत, मी पौलाचा, मी अपुल्लोस या प्रचारकाचा, मी केफाचा म्हणजे पेत्राचा, आणि एक गट तर मी ख्रिस्ताचा असं म्हणणारा. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. आणि प्रभुभोजनाला काय चाललं होतं माहितीये? ज्यांच्याकडे होतं ते आधी येऊन आपलं आपलं जेवून घ्यायचे, कुणी तर प्यायलेला असायचा, आणि जो गरीब तो उपाशी. पौल त्यांना विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का?

लक्षात घ्या, या माणसांकडे विश्वास नव्हता असं नाही. उलट कृपादानांची, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या खास देणग्यांची, तिथे रेलचेल होती, अन्य भाषा बोलणारे, संदेश देणारे, आरोग्य देणारे, आणि मोठं दान कुणाचं यावरूनच चढाओढ चालली होती. तेरावा अध्याय बाराव्या आणि चौदाव्याच्या मधे येतो, आणि ते दोन्ही अध्याय याच भांडणाचे आहेत. मधेच तो थांबून म्हणतो की माणसांच्या आणि देवदूतांच्या भाषा बोललो आणि प्रीती नसली तर मी वाजणारी थाळी, झणझणणारी झांज, आणि करिंथचं कांस्य तर त्या काळी जगभर नावाजलेलं होतं, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं असणार. म्हणजे ज्या घरात विश्वास भरपूर आहे आणि माणसं एकमेकांना बाहेर काढतायत, त्या घरासाठीच हे पत्र लिहिलंय. ताई, तुमच्या घरासाठी.

मग प्रीती श्रेष्ठ का? मला तीन-चार कारणं दिसतात पण खरं सांगायचं तर एकच मोठं आहे, बाकीची त्यातूनच निघतात. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की देव प्रीती आहे. देव विश्वास आहे असं कुठे लिहिलेलं नाही, देव आशा आहे असंही नाही. तसं असूच शकत नाही, कारण न दिसणाऱ्यावर भरवसा टाकणं म्हणजे विश्वास आणि न मिळालेल्याची वाट बघणं म्हणजे आशा, आणि देवाला काय दिसत नाही, त्याला कशाची वाट बघायचीय? या दोन्ही आपल्या गरजा आहेत, आपण वाटेवर आहोत म्हणून. प्रीती मात्र त्याचा स्वतःचा स्वभाव आहे. आपण विश्वास ठेवतो तेव्हा त्याच्याकडे बघतो, आशा धरतो तेव्हा त्याच्याकडून मागतो, आणि प्रीती करतो तेव्हा त्याच्यासारखे होतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथोलिक धर्मपंडिताने जवळजवळ हेच मांडलंय, की विश्वास आणि आशा देवाकडून आपल्याला काही मिळतं म्हणून देवापर्यंत जातात, सत्य कळतं, कल्याण मिळतं, पण प्रीती देवापाशी जाऊन देवातच थांबते, त्याच्याकडून काही हवं म्हणून नाही.

दुसरं त्यातूनच येतं. आता आपण विश्वासाने चालतो, डोळ्यांनी बघून नाही, असं पौलच म्हणतो, आणि रोमकरांना म्हणतो की जे दिसतं त्याची आशा कोण करतो. मग एक दिवस समोरासमोर बघू तेव्हा काय? संत ऑगस्टीनने त्याचं उत्तर दिलं की विश्वासाच्या जागी दर्शन येईल, आशेच्या जागी प्रत्यक्ष सुख येईल, आणि प्रीती तेवढी तीच राहील आणि वाढेल. काही अभ्यासक म्हणतात तिन्ही कायमची राहतात, कारण पौल तिन्ही टिकणारी म्हणतो, आणि देवावरचा भरवसा स्वर्गात तरी का संपावा. मला त्या वादात पडायचं नाही, दोन्ही बाजूंनी प्रीतीचं स्थान तेच राहतं. तुमचे पप्पा आज जिथे आहेत तिथे त्यांना विश्वासाची गरज उरली असेल की नसेल ते देव जाणे, पण मुलावरची त्यांची माया तिथे संपली असं मानायला मला शास्त्रात काही आधार सापडत नाही.

आणि काकांसाठी तिसरं. याकोब लिहितो, देव एक आहे असा तू विश्वास ठेवतोस, चांगलं करतोस, भुतंही तसा विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसता खरा विश्वास भुतांकडेही आहे, त्यांच्याकडे नाहीये ती प्रीती. गलतीकरांना पौल म्हणतो की ख्रिस्त येशूमध्ये सुंतेला महत्त्व नाही की सुंता न होण्याला नाही, प्रीतीच्या द्वारे काम करणाऱ्या विश्वासाला आहे. केवळ विश्वासाने तारण म्हणून जो आयुष्यभर झगडला तो मार्टिन ल्यूथर, त्यानेही रोमकरांच्या पत्राच्या प्रस्तावनेत १५२२ मध्ये लिहिलं की विश्वास ही जिवंत, सतत काम करणारी गोष्ट आहे, तिच्यापासून चांगली कामं वेगळी काढता येत नाहीत जसं आगीपासून उष्णता आणि उजेड वेगळा काढता येत नाही. चारशेच्या वर वर्षं यावरून कॅथोलिक आणि ल्यूथरन भांडले, आणि १९९९ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला एकत्र बसून त्यांनी सही केली की कृपेने, विश्वासाने नीतिमान ठरणं हे आम्ही दोघेही मानतो आणि त्या विश्वासातून प्रीतीची कामं येतात हेही मानतो. मग तुमच्या घरात विश्वास आणि प्रीती एकमेकांसमोर उभी करायची काय गरज आहे? तारण विश्वासाने, बरोबर. पण विश्वास कशासाठी, तर प्रीतीसाठी. विश्वास जपायचा म्हणून प्रीती मोडली तर जपलं काय?

आता तुमच्या भावाबद्दल, आणि इथे मला एका मुलीची गोष्ट सांगायचीय. ती कॅथोलिक होती, आपल्याकडे तिला छोटी तेरेसा म्हणतात, फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात राहायची. १८९६च्या ईस्टरच्या सुमाराला तिला क्षयाच्या खुणा दिसायला लागल्या आणि त्याच दिवसांत तिच्या मनात असा अंधार उतरला की स्वर्ग आहे हेच तिला जाणवेना, अविश्वासू लोकांच्या टेबलावर मी बसलेय असं तिने लिहून ठेवलंय. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच अंधारात असताना, ती करिंथचा बारावा आणि तेरावा अध्याय वाचत होती आणि तिला तिचं पाचारण सापडलं: मंडळीच्या हृदयात मी प्रीती होईन. विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारं मतसार, तिने आपल्या रक्ताने लिहून उराशी बाळगला होता, म्हणजे विश्वास तिने सोडला नाही, धरूनच होती, पण जाणवत काही नव्हतं, आणि जाणवत नसताना ती काय करत राहिली तर प्रीती करत राहिली, मठातल्या तिरसट बायकांना सांभाळत राहिली. ३० सप्टेंबर १८९७ला ती गेली तेव्हा २४ वर्षांची होती. आपण तिच्या चर्चचे नाही, पण हे मला कायम धीर देतं.

तुमचा भाऊ म्हणतो मला काही खरं वाटत नाही. ठीक आहे, ते त्याचं आजचं खरं आहे, आणि खोटं बोलून प्रार्थनेला गुडघे टेकण्यापेक्षा हे खरं बोलणं बरं, कारण प्रीती सत्याबरोबर आनंद मानते हेही त्याच अध्यायात आहे. त्याने आजारपणात पप्पांचं केलं, ते प्रीतीनेच केलं ना? मग त्याच्याकडे जे श्रेष्ठ ते अजून आहे. त्यालाच तुम्ही दाराबाहेर ठेवणार?

काका म्हणतील वचन आहे, विश्वास न ठेवणाऱ्यांशी संबंध जोडू नका. ते वचन आहे, पण रक्ताच्या नात्यांना ते लावता येत नाही. करिंथकरांनाच पौल सातव्या अध्यायात सांगतो की बायको विश्वास ठेवणारी नसली आणि नांदायला राजी असली तर नवऱ्याने तिला सोडू नये, आणि बायकांनाही तेच. नवरा-बायकोला जे लागू ते आई-मुलाला लागू नाही का? आणि तीमथ्याला तर तो फारच स्पष्ट लिहितो, जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. हे काकांना टोमणा म्हणून वाचून दाखवू नका हं, त्यांचाही भाऊ गेलाय, तेही दुःखात आहेत आणि नियम धरून बसलं की दुःखाला काहीतरी आधार मिळतो.

थोमा आठवा. बाकीच्या शिष्यांनी सांगितलं आम्ही प्रभूला पाहिलं, हा म्हणाला खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. त्यानंतर योहान लिहितो की आठ दिवसांनी शिष्य परत घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. आठ दिवस एक माणूस पुनरुत्थान मानत नाही आणि बाकीचे दहा त्याला बाहेर काढत नाहीत, आधी क्षमा माग म्हणत नाहीत, त्याच घरात तो आहे. म्हणून प्रभू आला तेव्हा तो तिथे होता. बाहेर काढला असता तर कुणाला भेटला असता?

आणि आपल्या नगरचंच उदाहरण हवं असेल तर रेव्हरंड टिळकांचं घर आहेच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये, मधली पाच वर्षं नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू. सुरुवातीला ताटातूट झाली, खूप रडणं झालं, आणि नंतर लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याजवळ आल्या तेव्हाही स्वतःचा धर्म सांभाळूनच आल्या. एका छपराखाली दोन विश्वास राहिले. पुढे त्या आल्या त्या स्वतःच्या मनाने आल्या. अशा गावाकडची माणसं आपण, आपल्याला हे जमायला हवं.

एक गोष्ट मधेच सांगून टाकते कारण या अध्यायाचा गैरवापर मी फार बघितलाय. प्रीती सर्व काही सहन करते हे वाक्य काढून मार खाणाऱ्या बायकांना परत नवऱ्याच्या घरी पाठवतात. त्याच्या अगदी आधीचं वाक्य वाचा, प्रीती अनीतीत आनंद मानत नाही. तेव्हा प्रीती श्रेष्ठ म्हणजे कुणीही काहीही करावं आणि आपण गप्प बसावं असं नाही, आणि तुमच्या बाबतीतही काका जे करतायत ते चुकतंय हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आवाज न चढवता सांगा पण सांगा.

मग करायचं काय. भावाला वर्षाच्या प्रार्थनेआधी भेटा, फोनवर नको आणि फॅमिली ग्रुपवर तर अजिबातच नको, जाऊन भेटा, आणि विश्वासाचा विषय काढू नका. पप्पांचा विषय काढा. प्रचारक जे बोलले ते चुकीचं होतं आणि तेव्हा आम्ही कुणीच तुझ्या बाजूने बोललो नाही, एवढं म्हणा. इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत ते मित्र होते, तोंड उघडून शास्त्र सांगायला लागले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. भाऊ रागावला तर रागावू दे, तो देवावर रागावला तरी घाबरू नका, स्तोत्रांत त्याहून कडक शब्द आहेत.

आईशी एकटीने बोला, काका नसताना. तिला विचारा, पप्पा असते तर त्यांनी काय केलं असतं? वाद घालू नका, उत्तर तिचं तिला देऊ दे. मग पाळकसाहेबांना भेटा, कारण ही प्रार्थना घरची आहे, ती कोण घेणार आणि कोण येणार हे घरच्यांनी ठरवायचं, कमिटीने नाही, आणि बहुतेक पाळक हे काकांना तुमच्यापेक्षा चांगलं समजावू शकतील. भावाला प्रार्थना करायला, साक्ष द्यायला, काहीच सांगू नका. यायचं आणि बसायचं आणि सगळ्यांबरोबर जेवायचं. जेवणाला त्याचं पान आईच्या शेजारी असू दे, करिंथात जे बिघडलं होतं ते जेवणातच बिघडलं होतं. तो नाहीच आला तर डबा घेऊन तुम्ही त्याच्याकडे जा, त्याच दिवशी.

काका ऐकले नाहीत तर? तर काकांवरही प्रीती करावी लागेल, आणि ते तुम्हाला भावापेक्षा जड जाईल. पण त्यांनी घातलेली अट पाळायची गरज नाही. क्षमा मागायची असेल तर मला विचाराल तर या घराने त्या मुलाची मागायला हवी.

मुलीला खरं सांगा. मामा वाईट झालेला नाही. मामाला आजोबांची फार आठवण येते आणि तो देवावर रुसलाय, देवाला ते माहितीये आणि देवाला त्याचा राग आलेला नाही. तिने पुढे विचारलं की मग मामा चर्चला कधी येणार, तर आपल्याला माहीत नाही असंच सांगा, आणि तिला मामाकडे राहायला पाठवत जा, सुट्टीत पूर्वी जायची तशीच.